सांडपाणी उलटे घरात शिरते तेव्हा...

प्रतिनिधी, नाशिक

पावसाचा जोर वाढला, की नाशिककरांचे लक्ष गंगापूर धरणाच्या विसर्गाकडे आणि गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीकडे लागते. पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आले की कमरेपर्यंत, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची येथील जुनी रीत आहे. मात्र, याच दिवसांत शहरातील अनेक तळमजल्यांवर एक वेगळाच पूर येतो आणि त्याची नोंद कोणत्याही पूररेषेवर होत नाही. नहाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात, शौचकूपातील पाण्याची पातळी आपोआप वाढते आणि पाहता पाहता काळे, दुर्गंधीयुक्त पाणी घरभर पसरते. प्लंबरच्या भाषेत यालाच ड्रेनेजने 'बॅक मारणे' असे म्हणतात.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला दोष महापालिकेला दिला जातो, दुसरा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला. प्रत्यक्षात हे पाणी उलटे का येते, अडथळा नेमका कोठे आहे आणि तो दूर करण्याची जबाबदारी कोणाची, याची उत्तरे घराच्या आवारातील चेंबरची झाकणे उघडून पाहिली तरी बव्हंशी मिळू शकतात. त्यासाठी या व्यवस्थेचे साधे शास्त्र समजून घ्यायला हवे.

उताराचा खेळ

घरातील सांडपाणी वाहून नेण्यासाठी कोणताही पंप नसतो. ते केवळ उताराने वाहते. बांधकामाच्या भारतीय मानकांनुसार १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला साधारण ५७ फुटांमागे एक फूट आणि १५० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला १०० फुटांमागे एक फूट उतार अपेक्षित असतो. म्हणजेच १० मीटर लांबीच्या १०० मिलिमीटर पाइपला सुमारे साडेसतरा सेंटिमीटर उतार हवा. उतार कमी पडला, की पाणी पुढे जाते, पण मैला मागे राहतो आणि थरावर थर साचत जातो. नंतर भराव खचला, वरून जड वाहन गेले किंवा सांधा निखळला, तरी पाइपमध्ये झोळ निर्माण होऊन हाच परिणाम होतो.

दुसरा नियम पाण्याच्या पातळीचा. रस्त्यावरील मुख्य वाहिनी तुंबली, की चेंबरमधील पाणी वर चढते आणि त्याला जी सर्वांत खालची मोकळी जागा सापडेल तेथून ते बाहेर पडते. घराची जमीन रस्त्यावरील चेंबरच्या झाकणापेक्षा उंच असेल, तर पाणी रस्त्यावर वाहते. घर खाली आणि झाकण वर असेल, तर तेच पाणी नहाणीतून घरात येते. वर्षानुवर्षे डांबर आणि काँक्रीटचे थर चढून रस्ते उंच झाले, जुनी घरे मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे पूर्वी कधीही न तुंबलेल्या घरांतही आता सांडपाणी शिरू लागल्याचे दिसते. तळघरातील दुकाने आणि पार्किंगच्या पातळीवरील रखवालदाराच्या खोल्या यांना हा धोका सर्वाधिक असतो.

तिसरी बाब हवेची. सांडपाण्याच्या उभ्या पाइपचे वरचे तोंड गच्चीवर उघडे असते. त्यातून आत येणारी हवा पाण्याचा प्रवाह सुरळीत ठेवते. त्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले किंवा कोणी ते सिमेंटने बुजवले, तर वरच्या मजल्यावर फ्लश करताच खालच्या नहाणीतून 'गुडगुड' आवाज येऊ लागतो. जाळीखालच्या वाकड्या भागात साधारण ५० मिलिमीटर पाणी सतत साठून राहते व ते गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. या भागाला देशभरातील प्लंबर आणि अभियंते 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. मराठी घरातील नहाणीचा शब्द असा तांत्रिक पुस्तकांतही जाऊन बसला आहे. हवेचा मार्ग बंद झाला, की या ट्रॅपमधील पाणी ओढले जाते आणि दुर्गंधी घरात येते.

नाशिकची भौगोलिक अडचण

नाशिक हे नद्या-नाल्यांचे शहर आहे. गोदावरीला शहराच्या हद्दीत नासर्डी अर्थात नंदिनी आणि वाघाडी येऊन मिळतात. जुन्या गावठाणात सराफ बाजार, दहीपूल परिसराखालून सरस्वती नाला वाहतो. उतार नदीकडे असल्याने सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्याही नदीकाठानेच टाकलेल्या आहेत. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक आदी ठिकाणच्या मलनिस्सारण केंद्रांकडे हे पाणी जाते. नदीला पूर आला, की काठावरील चेंबर पाण्याखाली जातात, पुराचे पाणी झाकणांतून आत शिरते आणि वाहिन्या काठोकाठ भरतात. मग वरच्या बाजूच्या वसाहतींतून येणाऱ्या पाण्याला पुढे जाण्यास जागाच उरत नाही. १९ सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ रोजीचे गोदावरीचे पूर नाशिककरांच्या स्मरणात आहेत. अशा दिवशी नदीपासून दूर असलेल्या तळमजल्यावरही हा धोका पोहोचू शकतो.

नैसर्गिक कारणांत मानवनिर्मित कारणाची भर पडते. शहरात भुयारी गटार आणि पावसाळी गटार या दोन स्वतंत्र व्यवस्था अपेक्षित आहेत. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून नाशिकमध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र योजनाही राबविण्यात आल्या. मात्र, अनेक इमारतींत गच्चीवरचे व आवारातले पावसाचे पाणी सोयीसाठी थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेले असते. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाच हजार लिटर पाणी जमा होते. केवळ घरगुती सांडपाण्यासाठी टाकलेल्या वाहिनीत एका गल्लीतील २० इमारतींनी हे पाणी सोडले, तर तासाभरात एक लाख लिटर अतिरिक्त पाणी त्यात शिरते. साचलेले पाणी वाट काढण्यासाठी चेंबरचे झाकण उघडून ठेवण्याची सवयही तितकीच घातक आहे. त्यातून पाण्याबरोबर माती, प्लास्टिक आणि दगडही वाहिनीत जातात.

तेल, कापड आणि मुळे

पावसाळ्याव्यतिरिक्त तुंबणाऱ्या ड्रेनेजमागे बहुतेक वेळा स्वयंपाकघर असते. मिसळीचा कट, तळणीचे उरलेले तेल, तुपाची बेरी हे सारे गरम असताना पातळ असते, पण जमिनीखालच्या गार पाइपमध्ये गोठून आतून चिकटते. त्यावर चहाचा चोथा, भाताची शिते आणि खरकटे बसत जाते. नाशिकची कडाक्याची थंडी या प्रक्रियेला हातभारच लावते. दिवाळीचा फराळ आणि त्यामागोमाग येणारी थंडी हा त्यामुळे सिंकच्या पाइपसाठी कसोटीचा काळ ठरतो. ही समस्या जगभर आहे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील गटारात २०१७ मध्ये चरबी आणि ओल्या पुसण्यांचा २५० मीटर लांब आणि सुमारे १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो फोडून काढण्यास अनेक आठवडे लागले.

सॅनिटरी नॅपकिन, बाळांचे डायपर, ओले टिश्यू, कापडाचे तुकडे, केसांचे गुंते हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत. वेष्टनावर 'फ्लश करता येते' असे लिहिलेले असले, तरी ते शौचकूपात टाकू नये. कागदात गुंडाळून ते घंटागाडीत स्वतंत्रपणे देणे हाच योग्य मार्ग आहे. जुन्या बंगल्यांच्या आवारात आणखी एक शत्रू दडलेला असतो. तेथे भाजक्या मातीचे, सिमेंटने सांधलेले जुने पाइप असतात. वड, पिंपळ, उंबर यांची मुळे ओलाव्याच्या शोधात या सांध्यांतून आत शिरतात आणि जाळे विणतात. दर काही महिन्यांनी एकाच ठिकाणी ड्रेनेज तुंबत असेल, तर मुळांचा किंवा खचलेल्या पाइपचा संशय घ्यावा. कॅमेरा सोडून पाइपची आतून तपासणी करून घेता येते.

अडथळा कोठे आहे, हे असे ओळखा

घरातील एकच सिंक किंवा एकच नहाणी सावकाश निचरत असेल, तर दोष त्याच ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या लहान पाइपमध्ये असतो. वॉशिंग मशिनचे पाणी सुटताच नहाणीतून पाणी वर येणे, सर्व ठिकाणी निचरा मंदावणे किंवा तळमजल्यावर काही वापर नसताना पाणी वाढणे ही मुख्य पाइप तुंबल्याची लक्षणे आहेत.

त्यानंतर आवारातील चेंबरची झाकणे एकेक करून उघडावीत. घराजवळच्या चेंबरपासून सुरुवात करून रस्त्याच्या दिशेने जावे. एक चेंबर भरलेले आणि पुढचे रिकामे आढळले, तर अडथळा त्या दोहोंच्या दरम्यान आहे. घराजवळचे पहिलेच चेंबर रिकामे असेल, तर बिघाड घराच्या आतील पाइपमध्ये आहे. आवारातील शेवटचे चेंबरही भरलेले असेल, तर अडथळा त्यापुढे, म्हणजे रस्त्यापर्यंतच्या जोडणीत किंवा मुख्य वाहिनीत आहे. शेजारच्या दोन-तीन इमारतींतही हीच स्थिती असेल, तर मुख्य वाहिनी तुंबल्याचे समजावे.

झाकण उघडताना काही पथ्ये पाळावीत. जवळ बिडी, सिगारेट वा काडी पेटवू नये. झाकण काढल्यावर काही वेळ दूर उभे राहावे, आत वाकून पाहू नये आणि उघडे चेंबर क्षणभरही राखणीविना सोडू नये. लहान मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

पाणी घरात शिरल्यावर

सर्वप्रथम घरातील पाण्याचा वापर थांबवावा. इमारत असेल, तर वरच्या सर्व मजल्यांवर तातडीने निरोप द्यावा. वर उघडलेला प्रत्येक नळ आणि प्रत्येक फ्लश तळमजल्यावरील घरात उतरत असतो. दुसरी बाब विजेची. पाणी जमिनीलगतच्या सॉकेटपर्यंत, फ्रिज वा मशिनपर्यंत पोहोचण्याआधीच मुख्य स्विच बंद करावा. मात्र, स्विचपर्यंत जाण्यासाठी पाण्यातून चालावे लागत असेल, तर त्याला हात लावू नये. वीज वितरण कंपनीला कळवून पुरवठा बंद करून घ्यावा.

तिसरी आणि नेहमी विसरली जाणारी बाब म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. तिचे झाकण आवाराच्या पातळीत असेल, तर सांडपाणी सहज आत जाते. अशी शंका येताच पाणी वर चढवणारी मोटार बंद करावी, अन्यथा दूषित पाणी गच्चीवरील टाकीत आणि तेथून संपूर्ण इमारतीच्या नळांना पोहोचते. टाकी पूर्ण उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय ते पाणी पिण्यासाठी वा स्वयंपाकासाठी वापरू नये. टँकरचे पाणीही उकळूनच प्यावे.

लहान अडथळा रबरी पंपाने किंवा तारेच्या स्प्रिंगने निघू शकतो. मात्र, घाईघाईने ॲसिड ओतण्याचा मोह टाळलाच पाहिजे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो. कॉस्टिक सोड्यावर ॲसिड पडल्यास प्रचंड उष्णता निर्माण होऊन ते उसळते. तुंबलेल्या मैल्यावर ॲसिड टाकल्यास हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. बंद न्हाणीघरात यातील कोणताही प्रकार जीवघेणा ठरू शकतो. शिवाय, कपड्याने वा मुळांनी झालेला अडथळा ॲसिडने सुटत नाही आणि नंतर येणाऱ्या प्लंबरच्या अंगावर ते उडण्याची भीती असते.

पाणी ओसरल्यावर गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच सफाई करावी. आधी साबणाच्या पाण्याने सर्व घाण धुऊन काढावी. घाणीवर थेट जंतुनाशक ओतल्यास त्याचा प्रभाव कमी होतो. त्यानंतर एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी फरशी आणि भिंतीच्या खालच्या भागावर किमान १० मिनिटे ठेवावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गाद्या, उशा, सतरंज्या मैल्याच्या पाण्यात भिजल्या असतील, तर त्या टाकून देणेच हिताचे. बाटलीबंद नसलेले आणि पाण्याचा स्पर्श झालेले सर्व अन्नही टाकून द्यावे.

या पाण्यातून टायफॉइड, कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो आणि लेप्टोस्पायरोसिस यांचा संसर्ग होऊ शकतो. पायाला जखम असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि लहान मुलांनी सफाईपासून दूर राहावे. जखम झाल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. पुढील तीन-चार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास सांडपाण्याशी संपर्क आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यामुळे निदान लवकर होण्यास मदत होते.

चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

ड्रेनेज तुंबल्यावर 'कोणीतरी माणूस आणून आत उतरवा' असा सल्ला हमखास दिला जातो. हा सल्ला एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. चेंबर आणि सेप्टिक टँकमध्ये साचणारा हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण त्याचे प्रमाण वाढताच माणसाची वास घेण्याची क्षमताच नाहीशी होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस आत उतरतो आणि काही क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवण्यासाठी धावलेला दुसरा आणि तिसराही त्यातच सापडतो. देशभरातील अशा दुर्घटनांत एकाच टाकीत अनेकांचे बळी जाण्यामागे हेच कारण असते.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून देशात लागू आहे. संरक्षक साधने आणि सुरक्षेची व्यवस्था न पुरवता गटार वा सेप्टिक टँक साफ करण्यासाठी कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावणे हा या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही बंदी महापालिकेप्रमाणेच घरमालक आणि सोसायटीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला द्यावयाची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. सफाई यंत्रानेच व्हावी, यासाठी जोरदार फवाऱ्याचे जेटिंग मशीन आणि मैला शोषून घेणारी गाडी बोलवावी. दोन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी कोणाचे प्राण पणाला लावण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नाही.

खर्च कोणी करायचा?

सार्वजनिक वाहिन्यांची बांधणी, देखभाल आणि सफाई हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार महापालिकेचे कर्तव्य आहे. आवारातील पाइप आणि चेंबर यांची देखभाल मात्र मालकानेच करायची असते. मुख्य वाहिनी तुंबली असल्यास संबंधित विभागीय कार्यालयात किंवा ऑनलाइन तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि छायाचित्रे जपून ठेवावीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक ड्रेनेज वाहिनी आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. 'पाणी तुमच्याच घरात आले, तुम्हीच निस्तरा' असे तळमजल्यावरील सदस्याला सुनावणे नियमाला धरून नाही. नाशिकमध्ये अपार्टमेंट मालकी कायद्यानुसार घोषणापत्र केलेल्या इमारतींची संख्याही मोठी आहे. तेथेही सामाईक वाहिनीचा खर्च सर्व सदनिकाधारकांनी आपापल्या हिश्श्यानुसार उचलायचा असतो. सदनिकेच्या आतील फक्त तिच्यासाठीच असलेल्या पाइपची दुरुस्ती त्या सदस्याची. घराचा विमा असल्यास पूर आणि पाइप फुटणे यांबरोबरच गटाराचे पाणी उलटे शिरून झालेले नुकसान त्यात येते का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे.

उलटा प्रवाह रोखणारी झडप

घर रस्त्यापेक्षा खाली असेल, तर केवळ स्वच्छता पुरेशी ठरत नाही. अशा ठिकाणी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणजे 'नॉन रिटर्न व्हॉल्व्ह', बसवता येते. बाहेरून पाणी उलटे येऊ लागताच तिची पाकळी बंद होते. मात्र, ती कोठे बसवली जाते, याला महत्त्व आहे. वरच्या मजल्यांचे पाणीही ज्या पाइपमधून जाते त्यावर झडप बसवल्यास ती बंद झाल्यावर वरचे पाणी तिच्यामागे अडते आणि पुन्हा तळमजल्यातच उसळते. म्हणून तळमजल्याचा पाइप उभ्या पाइपला न जोडता स्वतंत्रपणे चेंबरपर्यंत न्यावा आणि झडप त्याच पाइपवर बसवावी. ती बंद असताना तळमजल्यावरही पाणी वापरता येत नाही, हे घरातील सर्वांना माहीत असावे. पाकळीत कचरा अडकू नये म्हणून ती हाताशी येईल अशा चेंबरमध्ये असावी आणि वर्षातून किमान दोनदा साफ करावी.

भुयारी गटार न पोहोचलेल्या वस्त्यांत सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसून घेणे आवश्यक असते. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते आणि पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली असते. अशा वेळी गाळाने भरलेल्या टाकीतील पाणी घराकडे परतण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्यापूर्वी एवढे कराच

- मे महिन्यातच आवारातील सर्व चेंबर उघडून यंत्राने साफ करून घ्या. फरशीखाली वा वाढीव बांधकामाखाली गाडलेली झाकणे शोधून मोकळी करा.
- गच्चीचे पाणी ड्रेनेजमध्ये जात असल्यास ती जोडणी तोडा. ते पावसाळी गटारात किंवा शोषखड्ड्यात सोडा.
- गच्चीवरील हवेच्या पाइपचे तोंड मोकळे आहे का, पाहा. त्यावर जाळी बसवा.
- जमिनीखालच्या टाकीचा कठडा आवारापेक्षा उंच करून घट्ट झाकण बसवा.
- उरलेले तेल सिंकमध्ये ओतू नका. भांड्यातील तेलकटपणा कागदाने पुसून मग भांडे धुवा.
- न वापरल्या जाणाऱ्या नहाणीत आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओता, म्हणजे ट्रॅप कोरडा पडणार नाही.
- ड्रेनेजचा नकाशा, चेंबरच्या जागा, प्लंबर आणि विभागीय कार्यालयाचे दूरध्वनी क्रमांक सोसायटीच्या फलकावर लावा.
- पुराचा इशारा मिळताच तळमजल्यावरील वस्तू उंचावर ठेवा आणि वरच्या मजल्यांना पाण्याचा वापर कमी करण्याची सूचना द्या.